ताईच्या गोधडीबाबत माझी चूक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, संग्रहालयातील जुन्या गोधड्यांची निवृत्त तपासनीस, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुरुवारी माझे ऑपरेशन आहे. मी परत येईनच, असे डॉक्टरही म्हणत नाहीत.

१. दोन खोल्यांचे राहते घर व बँकेतील शिल्लक ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावी.

२. भिंग, दोरे तपासायचा निळा दिवा व कापडाच्या नमुन्यांच्या वह्या संग्रहालयाला द्याव्यात. माजी संचालकांना मात्र त्यांना हात लावू देऊ नये. त्यांनी आयुष्यभर माझ्यामागे घाईचा लकडा लावला. घरी घाई केली ती मात्र मीच.

३. गोधडी ताईची आहे. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची, ताई नऊची. तिनेच मला याच गोधडीत निजवून वाढवले. बारा वर्षांपूर्वी तिने ती मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे पसरली. मी दिवा धरला. दोरा पांढराशुभ्र चमकला, अलीकडच्या दोऱ्यासारखा.

"ताई, असा दोरा आईच्या हयातीत मिळतच नव्हता. ही तिची नाही."

"अगं, ती शिवत होती तेव्हा मी तिला खेटून बसले होते!"

"लहान होतीस तू. काहीतरी गल्लत होतेय."

ताई गोधडी तिथेच टाकून उठली. पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच कड उसवली. वरचे कापड नंतर कोणीतरी, बहुधा पुढे घरात आलेल्या सावत्र आईने, डागडुजी म्हणून नव्या दोऱ्याने लावलेले. खाली जुना सुती दोरा, दिव्याखाली निस्तेज. आणि तान्हेपणीच्या फोटोत माझ्या अंगात आहे त्याच झबल्याचे फुलाफुलांचे कापड. कड उसवल्याशिवाय काळ सांगू नये, हे मी कितीजणांना शिकवले!

तशीच ताईकडे धावले. भाचीने दार उघडले. "मावशी, फार उशीर केलास गं. ती आता मलाही ओळखत नाही."

मी गोधडी ताईच्या अंगावर घातली. "ताई, ही आईचीच. मी चुकले." किती वेळा म्हटले, देव जाणे.

तिने नीट घडी घालून ती माझ्या हातात परत दिली. "नाही हो बाई. माझ्या धाकट्या बहिणीनं तपासलीय. तिचं कधी चुकत नाही."

४. भाचीने रोज ती गोधडी ताईच्या पायांवर घालावी व सांगावे, "तुझ्या बहिणीचा निरोप आहे, ही आईचीच." ताई परत देईल. पुन्हा घालावी. याला मुदत नाही.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, औषधाच्या दुकानातल्या बाई. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: वाकडी आली आहे, पण माझीच.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ९ मार्च, सोमवार.