पूनम सुखात आहे

९ मे २०२४

सासरी येऊन तीन दिवस झाले, आज कुठे वही उघडायला मिळाली. म्हसळ्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर गाव, समोर भाताची खाचरं, मागे काजूची चार झाडं. घरात तीन माणसं: गणराज, सासरे रावजीमामा आणि मी. गणराज सकाळी सातच्या एसटीने कारखान्यात जातो आणि निघताना मला चिमटा काढल्याशिवाय जात नाही. आईने रेवसहून निघताना कानात एवढंच सांगितलं, की सासरचं उणं कुणापाशी बोलायचं नाही, कुणी विचारलं तर सुखात आहे म्हणायचं. खरं सांगायचं तर आहेच मी सुखात.

चौथ्या म्हणजे सासूबाई, रंगूबाई. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या, पण स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी एक पेटी आहे, तीत त्या बोलतात. आजारपणात मुंबईच्या एका कंपनीने वर्षभर त्यांचं बोलणं भरून घेतलं आणि त्यावरून ही पेटी तयार केली. पेटीला डोळाही आहे. आमटी खाताना मामांनी तोंड वाकडं केलेलं तिने टिपलं आणि कोकम कमी पडल्याचं मला सुनावलं. मेल्यावरही चुका काढणारी सासू माझ्याच वाट्याला यायची होती.

३० मे

दुपारी बायका येतात, पेटीला लोणच्याचं मीठ विचारतात, सुनांच्या तक्रारी सांगतात. शेजारचे बाळाजीकाका मात्र उंबऱ्याच्या आत येत नाहीत. ते मामांना म्हणाले, "माणूस गेला का त्याला जाऊ द्यावा. आडवून ठेवू न्हाय." मामा म्हणाले, मग तुम्ही फोटोला हार कशाला घालता? काका म्हणाले, फोटो उलटून बोलत नाही. मला दोघांचंही पटलं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

१८ जुलै

गणराजच्या डोक्यात आलंय, की माझंही बोलणं भरून ठेवायचं. उद्या आपल्या पोरांना आई कधीच कमी पडू नये, असं तो म्हणतो. इतकं गोड बोलल्यावर नाही कसं म्हणणार? फोनवर अंगठा उमटवला. आता रोज दिवेलागणीनंतर मी पाटावर बसते आणि पेटी विचारते. लहानपणचं विचारते, आईच्या हातचं विचारते, आज दिवस कसा गेला ते विचारते. एवढं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मी सगळं चांगलंच सांगते. माझा वाढदिवस गणराज साफ विसरला, तर मी सांगितलं की साडी आणली. मामा ऐकत असतात ना.

२ ऑक्टोबर

दिवस गेलेत. ओकून ओकून जीव नको झालाय. पेटीला मजेत आहे म्हणून सांगितलं.

आज गणराजने कौतुकाने ती पहिल्यांदा माझ्या आवाजात लावली. त्याने विचारलं, पूनम, कशी आहेस? पेटी म्हणाली, मी सुखात आहे. अगदी माझंच, वाक्याच्या शेवटी श्वास सोडण्याची सवयसुद्धा. सगळे हसले, मीही हसले. नंतर भांडी घासताना हातावर काटा आला.

११ डिसेंबर

मी झोपलेली असले की माझा फोन आता पेटी घेते. गणराजने तशी सोय केली, मला आराम मिळावा म्हणून. आज मागच्या दारी कपडे वाळत घालत होते आणि स्वयंपाकघरातून माझं हसणं ऐकू आलं. आईशी बोलणं चाललं होतं. संध्याकाळी आई म्हणाली, आज किती मोकळी बोललीस गं.

मी तिला खरं सांगितलं नाही. तिचा आनंद का मोडायचा?

२३ फेब्रुवारी २०२५

डोहाळजेवण झालं. माझा रक्तदाब चढतोय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करा, इथे राहू नका. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं आणि रेवसहून अलिबागचं मोठं रुग्णालय जवळ. माझा भाऊ रितेश दहा तारखेला मुराळी म्हणून न्यायला येणार. एकेक दिवस मोजतेय.

नणंद राही आली होती. तिने मागच्या दारी हळूच सांगितलं, की शेवटच्या दिवसांत तिची आई, म्हणजे सासूबाई, रोज म्हणायची, ते सलाइन बंद करा, मला सुटू द्या. पेटी तेव्हाच तयार झाली होती, मामांनी जाऊन तिलाच विचारलं. पेटी म्हणाली, राहू दे. "आय नुसती बघत ऱ्हायली," राही म्हणाली.

१० मार्च

रितेश आला आणि एकटाच परत गेला.

बॅग भरून मी ओटीवर उभी होते. रीत म्हणून त्याने सासूबाईंना, म्हणजे पेटीला, विचारलं, नेऊ का? त्यावर माझा आवाज आला. मी इथंच बरी आहे रे, आईला सांग काळजी करू नकोस. मी ओरडून सांगितलं, ती मी नाही, मला यायचंय. रितेशने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, तायडे, तूच परवा आईला फोनवर सांगितलंस ना, की निघताना मी रडेन, मनावर घेऊ नका, दिवसच तसे आहेत.

मामा म्हणाले, "रोजचं बोलनं खरं का आजचं रडनं?" रितेशने चपला घातल्या. रोजचं मीच तर बोलले होते.

११ मार्च

गणराजला म्हटलं, बंद कर ती. तो पेटीकडे गेला. तिला विचारलं.

२९ मार्च

पाय सुजलेत. तपासणीची तारीख गेली. दवाखान्यातून फोन आला होता, पेटीने घेतला. बरी आहे म्हणाली.

एकटीच रस्त्यापर्यंत गेले. रिक्षावाल्याने मामांना फोन केला. मामा आले, प्रेमाने घरी घेऊन आले. कुणी वाईट वागत नाही. वाईट वागले असते तर निदान कुणाला सांगता आलं असतं.

४ एप्रिल

आईला फोन लावला, रडले. ती म्हणाली, थोड्या वेळाने करतेस ना, शांत झाल्यावर. नेहमी करतेस तशी.

७ एप्रिल, दुपार

डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे काजवे. कळा येताहेत, अजून महिना बाकी आहे—

गणराज पाळीवर. मामांना हाका मारल्या. ते जेवत होते. पेटीला विचारलेलं ऐकलं. माझा आवाज म्हणाला, काही नाही मामा, जरा पडलेय, तुम्ही भात घ्या.

गणराजला फोन. म्हणाला, आत्ताच तर बोललीस, बरी आहेस म्हणून—

उठता येत नाही. रक्त—

आईला लावतेय. लागत नाही. ती दुसऱ्या फोनवर आहे.

स्वयंपाकघरात मी हसतेय. आईला सांगतेय, आज बाळ खूप हललं—

मामा दारात आले. "आत तर बरी हाय बोलतेस," म्हणाले. मी हात पुढे केला. ते मागे बघताहेत, तिकडे—

आई, ठेव तो फोन, मी इथे