ताईचं अळणी जेवण

गुरुवार, अकोला

ताईला आज भरती केलं, आणि ते माझ्यामुळे. लिहितानाही खरं वाटत नाही.

सकाळी कॉलेजात मुलींना लिथियम कार्बोनेट करून दाखवलं. लिथियम क्लोराईडच्या द्रावणात धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं, उकळलं, पांढरा साका बसला. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा कमी, म्हणून गरमच गाळायचा, असं ऐटीत सांगितलं. ताई वीस वर्षं याच क्षाराच्या गोळ्या घेते, मनाच्या आजारासाठी.

दुपारी घरी आले तर तिच्या हातातून कप सुटला. हात थरथरत होते, जीभ जड झालेली. ऑटोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"जेवणात काही बदल केला?"

"बीपी वाढलं म्हणून महिनाभर मीठ बंद केलंय."

"कोणाला विचारून? मीठ तुटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. अंगात साचून विष झालं त्याचं."

कोणालाच विचारलं नाही. का नाही विचारलं? सोडियम, लिथियम एकाच गणातले, हे मीच शिकवते ना? महिनाभर ती म्हणत होती, "काहून अळणी देऊन राहिली मले?" आणि मी तिच्यावरच चिडत होते. हात तर आठवड्यापासून थरथरत होते. मी म्हटलं, वय झालं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, वाचतील. संध्याकाळी तिचे हात धरून बसले. अजून थरथरतच होते.

"ताई, चुकलं माझं."

ती अडखळत म्हणाली, "रडू नको वं. जेवली काय तू?"