कोळंबीचा काही दोष नाही

नावडे, ४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सोनलवहिनीस,
शिवाचा शि. सा. न. वि. वि.

आधी कोळंबी चालू करा! बाकीचं मग वाच.

आपली पत्रं नेणारा-आणणारा नंदकिशोर सांगत होता की सगळ्या घराला खाज सुटलीय म्हणून आईने मासळीच बंद केलीय. सारसोळ्यात, कोळ्याच्या घरी, रोज दुधी! गावात तोंड कसं दाखवता? हसता हसता मी स्वतःचं मनगट खाजवत होतो आणि एकदम थांबलो. इथे खानावळीत मला रोज वांगं. मग मला कुठल्या कोळंबीची खाज?

सकाळीच चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. वाटेत क्रेनने अख्खा ट्रक उचललेला, तो बघत बसलो, त्यात नंबर गेला. काय उचलला होता वहिनी, खेळण्यासारखा! असो. बाईंनी बोटांच्या बेचक्या बघितल्या, कंबर बघितली, रात्री जास्त खाजतं का विचारलं आणि लगेच म्हणाल्या, खरूज. चामडीत किडा शिरतो, डोळ्याला दिसत नाही, जवळ झोपणाऱ्याकडून येतो. म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू! मेडिकलवाल्याचं मलम मी लावत होतो ते दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. त्याने खाज दबते, किडा मजेत राहतो.

आता नीट ऐक. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच संध्याकाळी मानेपासून पायापर्यंत औषध लावायचं, सकाळी अंघोळ, आठवड्याने पुन्हा. चादरी-कपडे गरम पाण्यात. एक जरी राहिला तरी सगळं फुकट. पण आधी डॉक्टरला दाखवा, गीतू लहान आहे.

टेन्शन दादाचं आहे. मी तिसरी नोकरी सोडली म्हणून त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय, उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस म्हणालाय. आणि त्याआधी भटकून घरी आल्यावर आठवडाभर तुझ्या लेकीच्या गोधडीत झोपलो तो मीच. ही खाज मीच आणली हे कळलं तर तो मला कधीच घरात घेणार नाही. मला यायचंय गं. तरी त्याला सांगच. तुम्ही बरे व्हा, माझं बघू.

लोभ असू दे, खाज जाऊ दे.
तुझा दीर,
शिवा

सारसोळे, ७ फेब्रुवारी २०२५

चि. शिवाभावजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अगदी तुमच्यासारखंच, एका ओळीवर टिकत नाही.

तुमच्या दादांना वाचून दाखवलं. कोण शिवा म्हणाले, मला काही खाजबिज नाही म्हणाले, आणि बोलता बोलता दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासायला लागले. गीतू हसून लोळली.

मग सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी अगदी तेच सांगितलं. कोळंबीचा दोष नाही हे आईंना काही पटेना. त्यांनी तीनतीनदा विचारलं, वर बोंबलाचं काय तेही विचारून घेतलं.

औषध लिहिताना डॉक्टरांनी घरात माणसं किती ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, पाच. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आईंकडे. समोर तर आम्ही चौघंच. पाचवा कुठाय म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, नावड्याला असतो, रविवारी येईल.

पाच ट्यूबा कपाटावर ठेवल्यात. रविवारी संध्याकाळी लावायचंय. नोकरीवरून बोलणी खावी लागतील, त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही. तयारीने या.

आशीर्वाद आहेतच, माया आटू देऊ नका.
तुमची वहिनी,
सोनल

नावडे, रविवार

वहिनीस सा. न.

दादा म्हणाला? स्वतःच्या तोंडाने? तुझं पत्र मी खानावळीत उभ्याने वाचलं आणि वांग्याचं ताट तसंच टाकून आलो!

नंदकिशोर संध्याकाळी निघणार म्हणतो. तोवर कोण थांबतं? हे पत्र मीच घेऊन येतोय. दार दादाने उघडलं तर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. हा कागदच त्याच्या हातात देईन आणि उभा राहीन.

लोभ असावा असं लिहीत नाही, तो दिसला.
शिवा