टेकडीवरच्या सळ्या

४ ऑगस्ट, मंगळवार

सगळ्या सळ्या जमिनीत! मेलं काही कळत नाही.

बोडक्या टेकडीच्या उतारावर मोजणीच्या लोखंडी सळ्या रोवल्यात. पावसाने माती वाहून गेली की सळई तेवढी उघडी पडते. उतार वाळला की मी जाऊन पट्टी लावते — किती माती गेली ते कळतं. एवढंच माझं काम. आमच्याकडे पाऊस फिरकत नाही, आणि फिरकला तर झोडपूनच काढतो. गेल्या शुक्रवारी तसाच आला. सळ्या चांगल्या बोटभर वर यायला हव्या होत्या. आज बघते तर डोकी मातीला टेकलेली.

मोजणीच्या मॅडम आल्या. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, पण नजर पक्की. खाली नाल्याच्या तोंडाशी गाळ धरायला खड्डा केलाय, तो काठोकाठ भरलेला. म्हणाल्या, "टेकडी म्हणते माती गेलीच नाही. खड्डा म्हणतो पोटभर आली. मग गाळ काय आभाळातून पडला?" वाकून सळईचं डोकं बघितलं. हातोडीचे घाव. ताजे.

माझ्याकडे बघितलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. तेच जास्त लागलं.

५ ऑगस्ट

सकाळपासून डोक्यात तेच. माती फार जाते असं निघालं तर टेकडीवर चराई बंद होणार. आणि तिथे शेळ्या कोणाच्या? आमच्या वन्संच्या. नवरा गेल्यापासून भिंतीपलीकडच्या खोलीत राहतात, शेळ्यांच्या दुधावर जगतात. सळ्या दाबून फायदा कोणाचा? शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

नळावर गाठलं. सगळ्या बायकांसमोर. म्हटलं, "वन्सं, खाल्ल्या घरचे वासे मोजता? माझ्या पोटावर पाय देऊन शेळ्या पोसायच्या का?" आणखीही बोलले. त्यांच्या गेलेल्या माणसावरून बोलले. ते इथे लिहीत नाही.

त्या म्हणाल्या, "झालं बोलून? मग घागर उचला वहिनी, मागे रांग आहे."

बायका हसल्या. मी अजून तापले.

६ ऑगस्ट

बोलणं बंद. बरंच आहे. डोक्याला शांतता.

८ ऑगस्ट

कसली शांतता. नळावरचं तेवढं एक वाक्य पाठ सोडत नाही. मेलेल्या माणसाला कशाला ओढला मी?

मॅडम म्हणाल्या, "खालचा उतार शेळ्यांना मोकळा ठेवायचा विचार होता. आता नाही. पूर्ण टेकडी बंद." मी म्हटलं, बरं झालं. तोंडाने म्हटलं.

वन्सं रोज संध्याकाळी शेळ्यांशी बोलत बसतात — एकीला टवळी, एकीला महाराणी म्हणतात. भिंतीतून सगळं ऐकू येतं. आज काही आलं नाही.

९ ऑगस्ट, रविवार

हे आले. सोमवारपासून बाहेर होते, एका नव्या इमारतीच्या चौकटी बसवायला. जेवता जेवता म्हणतात, "तुझ्या त्या सळ्या गं. सगळ्या वर आल्या होत्या. सोमवारी कामावर निघालो ते टेकडीवरूनच गेलो. एकेक ठोकून बसवली. आता हलायच्या नाहीत."

सुतार माणूस! वर आलेला खिळा दिसला की हात शिवशिवतो. दवाखान्यात डॉक्टरची वाट बघता बघता बाकाचा खिळा चपलेने ठोकून आलाय हा. आणि चेहरा असा, की बायको आता कौतुक करणार.

मला ओरडताही येईना. म्हटलं, "त्या वर यायलाच हव्यात हो."

"वर आलेला खिळा कोणाला हवा असतो?"

कधी सांगितलंच नव्हतं मी, काय मोजते ते. हे विचारायचे तेव्हा मीच म्हणायचे, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

हातोडी परवडली. माझी जीभ नाही.

१० ऑगस्ट

वन्संच्या दाराशी गेले. धार काढत होत्या. उभीच राहिले, त्यांनीही बसा म्हटलं नाही. म्हटलं, "वन्सं, सळ्या ह्यांनी ठोकल्या."

"माहीत आहे. मी तिथेच होते शेळ्या घेऊन. वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल त्याला."

"मग नळावर बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगितलंत." मग भांडं बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि दादाचं नाव घेतलं असतं, तर तुमचं काम राहिलं असतं का?"

गेलेल्या माणसावरून बोलले त्याबद्दल माफी मागायची होती. ओठांपर्यंत आली. मी म्हटलं, "दूध कमी झालंय का हो?"

उद्या मॅडमना सगळं सांगायचं. काम गेलं तर गेलं.

११ ऑगस्ट

सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, तुमच्या नणंदबाई बुधवारीच येऊन गेल्या. म्हणाल्या, सळ्या मी ठोकल्या, वहिनीला कामावरून काढू नका. म्हणून तर मी टेकडी पूर्ण बंद केली." कागद वर गेलाय. बघते म्हणाल्या.

पळत घरी आले. गोठा मोकळा. व्यापारी सकाळीच सगळ्या शेळ्या घेऊन गेला. वन्सं दावी गुंडाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या मॅडमना विचारा वहिनी, सळ्या राखायला कोणी बाई हवी का. दादा अजून घरीच आहे."