लंबगोलातले बाबा

ब्राह्मणपारा, रायपूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिशिर,

अनेक आशीर्वाद. पत्रात आधी खुशाली लिहायची असते, म्हणून लिहिते. माझी तब्येत बरी आहे, फ्लेक्सच्या दुकानातलं डिझाइनचं काम चालू आहे, आणि बाबा चार तारखेला गेले. सकाळी, झोपेतच. अग्नी मी दिला. तुझा नंबर माझ्याकडे असून तुला कळवलं नाही. त्याचं कारण सांगायलाच बसले आहे, पण जरा वळसा घालून येईन. तुला माझी सवय माहीत आहे.

तेरावं रविवारी आहे. श्रद्धांजलीचा बोर्ड मीच केला. दुसऱ्या कुणी बाबांचं काहीतरीच करून ठेवलं असतं. त्यांचा एकट्याचा फोटो म्हणजे पेन्शनच्या कागदावरचा. त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात. मग तेलीबांधा तलावावरचा सापडला, तुझ्या पहिल्या पगाराच्या दिवशीचा. तू आणि ते, दोघांच्या हातात भुट्टे. त्यात बाबा चक्क हसताहेत.

कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लंबगोल काढला आणि फोटो त्याच्या आत पॉवरक्लिप केला. असा फोटो कापला जात नाही, आकाराबाहेरचं फक्त दिसेनासं होतं. लंबगोलाच्या आत मी तो सरकवत बसले. आधी तुझा कान येत होता, मग खांदा. शेवटी तू पूर्ण बाहेर गेलास. वाईट वाटलं का? नाही. आठ दिवस मला काहीच वाटत नाहीये. वरणात मीठ नसलं तरी कळत नाही.

प्रिंट निघाल्यावर दुकानाचे मालक विकी भैया म्हणाले, "दीदी, काका उधर किसको देख रहे हैं?"

तेव्हा मी नीट पाहिलं. बाबा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. ते तुझ्याकडे बघून हसताहेत. "फोटो ही ऐसा है," म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले.

आता कारण. तू नवा रायपूरची सरकारी नोकरी सोडून पुण्याला निघालास, तेव्हा "मले तोंड दाखवू नको" म्हणाले ते बाबाच. पण जानेवारीच्या शेवटी त्यांनी मला जवळ बसवलं. "शिशिरले फोन लाव. मले पाहायचं आहे त्याले."

दोन दिवसांनी विचारलं, "येऊन राहिला का पोट्टा?"

"लावला फोन बाबा. नाही येत म्हणे."

"काहून?"

"त्याले राग आहे अजून."

"हव," म्हणाले. मग पाणी मागितलं. पुन्हा तुझं नाव काढलं नाही.

मी फोन लावलाच नव्हता. आठ वर्षं त्यांचं सगळं मी केलं, शिशिर. औषधं, दवाखाना, शेवटी डायपरसुद्धा. आणि त्यांना बघायचं होतं तुला. मला राग आला, फार आला. खरं सांगायला उद्या, उद्या करत राहिले, आणि चार तारीख आली. तो राग आता शोधूनही सापडत नाही.

रविवारी ये किंवा येऊ नकोस. आलास तर पंगत बसण्याआधी मी हे सगळ्यांसमोर सांगेन. तू यायला नाही म्हणालास, असं समजूनच बाबा गेले. ते मला आता बदलता येत नाही.

ताई म्हणून सही करवत नाही.

चेतना