सर्दी झालेल्याला आत मज्जाव

प्रिय बाईसाहेब,

आज सकाळी मला शिंक आली आणि सगळंच फिसकटलं. आज तू विमानाने निघण्याआधी, तुझ्या उंदरांच्या खोलीत तुला निरोप देताना मनातलं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

कॉलेज अर्धवट सोडून इथे पिंजरे धुणाऱ्या मला तूच समजावलं होतंस, "पोटाच्या कर्करोगातला हा विषाणू माणसालाच धरतो रे. म्हणून या उंदरांची प्रतिकारशक्ती काढून माणसाच्या पेशी घातल्यात. साध्या सर्दीनेही मरतील बिचारे."

काचेतून तू पाठमोरी दिसतेयस. मास्क लावून घुसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तुझी सगळी मेहनत त्या पिंजऱ्यांत आहे. तुझं बाहेर पडायचं दार मागे, तिथे तुझा दादा गाडी घेऊन उभा आहे. मागे एका भांडणात त्याची कॉलर मी धरली होती, त्यामुळे तिकडेही मला मज्जावच.

माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे तुला पाठवणार नाही, कारण वाचलंस तर तू विमान सोडून देशील, एवढा माज आहे मला! मी रुसलो म्हणून आलो नाही, असं तुला वाटेल. वाटू दे.

पुन्हा शिंक येतेय. निघतो, आणि दार घट्ट लावून घेतो.

तुझाच,
तिरसट