अकरा किलो, स्वतःच्या पाठीवर

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.

उद्या निघायचं. सात दिवस, डोंगरातली नऊ खेडी, दोन घाट आणि शेवटी खाडी. सहावीच्या मराठीच्या पुस्तकात समुद्राच्या कवितेवर अर्धगोल खाडीचं चित्र होतं. तशीच दिसते म्हणतात.

बरोबर दोघं. पोस्टमास्तर (रिटायर्ड, डावा गुडघा बाद) आणि शिंपी (अजून दुकान चालवतो. ऐकू कमी येतं, बोलतो जास्त). दोघंही शाळेतले, एका बाकावरचे. दोघांची जबाबदारी माझ्यावर. वय बहात्तर, पण कोणीतरी पुढारी लागतोच.

कराराच्या अटी लिहून ठेवतो. चिरंजीवांचं मत, बाबांना एकटं राहणं जमत नाही. (गॅस तीनदा चालू राहिला. तिन्ही वेळा मी कवितेत होतो.) बाबा, आमच्याकडे या, असं म्हणाले. एकदाच म्हणाले, पण कळकळीनं. तेव्हा मीच पैज लावली. सात दिवस स्वतःची बॅग स्वतःच्या पाठीवर घेऊन खाडीपर्यंत चालत गेलो, तर मी माझ्या दोन खोल्यांत राहणार, विषय कायमचा बंद. नाही जमलं तर घर आवरून त्यांच्याकडे. चिरंजीव ताबडतोब कबूल झाले. इतके ताबडतोब की मला कीव आली. हरणार बिचारे.

वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवली. अकरा किलो. तळाशी पाचवी ते अकरावीची मराठीची पुस्तकं, सात, कव्हरं घालून. ती थेट खाडीवर उघडायची आणि लाटांसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायची. वर कपडे, औषधं, टॉर्च, ही वही. बॅगेला कुलूप, किल्ली गळ्यात. मित्रांवर विश्वास आहे, पण चौथीत पोस्टमास्तरनं माझा डबा खाल्ला होता.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणं. रोज एक कविता. तक्रार बंद.

३ मार्च. संध्याकाळी ६.

साडेसातला उठलो. पहिला दिवस, चालायचं.

चढ. दुसऱ्या वळणावर निसर्ग पाहायला खाली बसलो. पाऊण तास पाहिला. समोर गुरांचा गोठा होता. शिंपी दोनदा म्हणाला, ऊठ की रे कविराज. म्हटलं, अरसिका, थांब जरा. मग दोघांनी दोन्ही काखांत हात घालून मला उठवलं. थकले होते, आधार हवा होता त्यांना.

पट्टे खांद्यांत रुततात. ही तक्रार नाही, माहिती आहे.

डोंगर पाहिला. पुस्तकात बरा होता.

४ मार्च. दुपारी ४.

रात्री तिघं एका खोलीत. शिंप्याचं घोरणं म्हणजे जुनं शिलाई मशीन, मधूनच दोरा तुटतो. आठ तास झोपलो. घरी तीन तास झोप लागली तर नशीब. डोंगरातली हवा.

ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंनी विचारलं, या वयात कशाला पायपीट? पोस्टमास्तर म्हणाला, तिघांच्यात मिळून एक धड माणूस होतो, तो फिरायला आणलाय. बाई पदरात तोंड लपवून हसल्या. मी नाही हसलो. पुढाऱ्यानं हसू नये.

सकाळी सगळ्यांचा चहा मी केला. गॅस कोणीतरी बंद केला. मीच केला असणार.

दुपारी जेवणानंतर वामकुक्षी, दोन तास. संकल्पात नव्हती, पण वर्ज्यही नव्हती.

कविता: नाही.

५ मार्च. सकाळी ९.

आनंदाची बातमी. बॅग हलकी लागली! कालच्यापेक्षा स्पष्ट हलकी. शरीर घडतंय. चिरंजीवांना कळवायचं होतं, रेंज नाही. शिंप्याच्या फोनला मात्र बरोबर रेंज येते. कुंपणापलीकडे जाऊन तोंडावर हात धरून बोलतो. कोण, विचारलं तर म्हणे गिऱ्हाईक, पँटची घाई आहे. कसली पँट ही, रोज फोन करणारी?

पोस्टमास्तर रोज निघताना माझी बॅग एका हातानं उचलतो, डोळे मिटतो, ठेवतो. चाळीस वर्षं पार्सलं उचलली, काट्याशिवाय वजन सांगतो. आज म्हणाला, अजून जरा. म्हटलं, अजून जरा काय? म्हणाला, अजून जरा वेळानं निघू.

६ मार्च. दुपारी ३.३०.

ही गेल्याला चौदा महिने झाले आज. एकदाही रडलो नाही. डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं होतं. ते नुसते बघत राहिले. थक्क झाले असावेत.

आज मोठा घाट चढलो. माथ्यावरून सात डोंगर एकामागे एक दिसतात. दोघं हरखले. मीही हरखायला थांबलो. आत काहीच हललं नाही. बिस्किट खाल्लं. तरी नाही.

शिंपी म्हणाला, वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, पुरे झालं बघणं, उतरायचंय अजून. बरोबर, अगदी असंच म्हणाली असती. मी म्हटलं, चला, उतरायचंय अजून.

बॅग आणखी हलकी. तळाची शिवण निळी दिसते. आधी काळी होती असं वाटतं. उंचावर रंग बदलतात. आणि बॅगेला गवताचा वास येतो. निसर्ग असा नकळत सामानात शिरतो. यावर कविता होईल.

झाली नाही.

७ मार्च. संध्याकाळी ५.१५.

पोस्टमास्तरची बॅग फुगत चालली आहे. विचारलं तर म्हणे खरेदी. खेड्यात कसली खरेदी? म्हातारपणी हाव सुटते माणसाला. गुडघा सुजलाय, उतारावर दर दहा पावलांना आई गं. कमीत कमी सामानात प्रवास कसा करावा, यावर त्याला तासभर समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, कविराज, तू पुढे चाल, नाहीतर मी तुला ढकलीन.

मी त्याच्यापुढे अर्धा किलोमीटर राहिलो. शीळ घातली. बहात्तराव्या वर्षी!

रात्री जेवताना दोघं शाळेतल्या मास्तरांची नक्कल करतात. रोज तीच. रोज वाट पाहतो मी, का कोण जाणे.

८ मार्च. सकाळी ७.

पाचला जाग आली! पहिला संकल्प पूर्ण. उठलो मात्र नाही. दोघांच्या घोरण्यात पडून राहिलो. तेरवा या वेळी मी माझ्या खोलीत असेन. स्वतःच्या पलंगावर, एकदम शांत. जिंकल्यात जमा आहे.

शांततेचा विचार करता करता पोट दुखलं. पाणी बदललं की होतं.

९ मार्च. दुपारी २. खाडी.

पोचलो. पाणी अर्धगोल, वाळू पिवळी, चित्रातल्यासारखंच. लाटा येत होत्या, जात होत्या. मी उभा होतो.

कुलूप काढलं. कपडे बाजूला केले. खाली हात घातला. गवत. अजून खाली, गवत. मूठमूठ बाहेर काढलं, वाळूवर ढीग झाला. पुस्तकं एकही नाही.

मागे वळलो तर पोस्टमास्तर आपल्या बॅगेतून माझी पुस्तकं एकेक करून काढत होता. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. नववीपासून पुढची शिंप्याकडे. कव्हराला ओरखडा नाही.

शिंपी म्हणाला, रागावू नकोस. पहिल्या दिवशी तू गोठ्यासमोर बसलास तो उठेचना, तेव्हाच आम्ही ठरवलं. तू दुपारी झोपलास की तळ उसवायचो, दोन पुस्तकं काढायचो, गवत भरायचो, शिवायचो. काळा दोरा पहिल्याच दिवशी संपला. पोस्टमास्तर म्हणाला, सगळं एकदम काढलं असतं तर तुला कळलं असतं. मी बेतानं काढायला लावलं.

मग शिंपी म्हणाला, आणि तो पँटवाला म्हणजे तुझा पोरगा. रोज एकच सांगायचा, काका, काहीही करा, पण बाबांना बॅगेसकट खाडीपर्यंत पोचवा.

बसलो. विचार केला. म्हणजे बापाच्या मानासाठी पोरगा स्वतः हरायला तयार झाला! मला एकटं राहायचंय असं समजून त्यानं मन मारलं असणार. एवढा त्याग मला घेववणार नाही.

दुपारी २.४०.

निर्णय झाला. खरं सांगायचं. पैज हरलो, येतो. तपशील: नातीच्या खोलीत कॉट. तिच्या अभ्यासाच्या टेबलावरचा कप्पा पुस्तकांना पुरेल. रोज संध्याकाळी तिच्याकडून एक कविता पाठ करून घ्यायची. सकाळचा चहा माझ्याकडे, गॅसजवळ सूनबाई उभ्या राहतील. दोघांना सांगितलं तर पोस्टमास्तर म्हणाला, अरे, जिंकलायस तर गप्प बस. शिंप्यानं मान खाली घातली. त्यांना माझी सोबत सुटणार याचं दुःख.

किती दिवसांनी काहीतरी वाटलं. भूकही लागली.

दुपारी ३.१०.

फोन केला. सगळं सांगितलं. गवत, निळा दोरा, पुस्तकं. मी हरलो, घर आवरतो, महिनाअखेरीस येतो.

वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. चिरंजीव म्हणाले, आहे, बाबा. मग म्हणाले, थोडं ओझं दुसऱ्यानं उचललं म्हणून काय झालं? चाललात ना तुम्ही? पाठीवर बॅग होती ना? मग जिंकलात तुम्ही. मी म्हटलं, गवत होतं रे. ते म्हणाले, आत काय असावं असं कुठे ठरलं होतं?

खरंच ठरलं नव्हतं.

मागून सूनबाईंनी विचारलेलं ऐकू आलं, काय झालं, येतायत का? चिरंजीव त्यांना म्हणाले, नाही नाही, जिंकले बाबा. मग मला म्हणाले, अभिनंदन. आवाज मऊ होता. लहानपणी ताप उतरला की असा बोलायचा.

सहावीचं पुस्तक उघडून उभा राहिलो. पहिली ओळ म्हटली. पुढची समोर छापलेली होती, पण म्हणवेना. पोस्टमास्तरनं मागून सबंध कविता म्हटली, दोन कडवी चुकवून. दुरुस्त केली नाहीत.

१० मार्च, सोमवार. सकाळी ११. बसमध्ये.

जिंकलो. विषय कायमचा बंद.

पोस्टमास्तर पाय सीटवर घेऊन झोपलाय. शिंप्याला परवा दुकान उघडायचंय, एकाची पँट खरोखरच राहिली आहे म्हणे. खिडकीतून डोंगर उलटे गेले. पाहिले.

चिरंजीवांनी सांगितलंय, घरी पोचलात की फोन करा. पोचायला अजून पाच तास आहेत. आत्ताच करून ठेवतो.